गप्पी मासा: पुणेकर नेहमी विचारतात ते प्रश्न

पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या घरामागे सिमेंटचा हौद आहे आणि त्यात बावीस वर्षांपासून गप्पी आहेत. जून लागला की ओळखीचे, अनोळखी लोक बरणी नाहीतर दुधाची पिशवी घेऊन दारात येतात. मासे घेतात आणि जाताना प्रश्न विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

गप्पी म्हणजे नेमका कोणता मासा?

बोटाच्या पेरापासून अर्ध्या बोटापर्यंत लांबीचा, गोड्या पाण्यातला मासा. नर दीड ते साडेतीन सेंटिमीटरचा आणि रंगीत असतो. मादी तीन ते सहा सेंटिमीटरची, करडी-पिवळसर आणि पोटाने भरलेली. शास्त्रीय नाव पोइसिलिया रेटिक्युलाटा. पहिल्या शब्दाचा अर्थ रंगीबेरंगी, दुसऱ्याचा जाळीदार. मादीला उन्हात धरून पाहिलंत तर खवल्यांच्या कडांची जाळी दिसते, तेव्हा दुसरा शब्द कुठून आला ते कळतं.

‘गप्पी’ हा शब्द ‘गप्पा’वरून आला का?

हा प्रश्न दरवर्षी एखादं तरी लहान मूल विचारतं, आणि मला तो फार आवडतो. पण नाही. रॉबर्ट जॉन लेचमीअर गप्पी नावाचे गृहस्थ त्रिनिदाद बेटावर राहत होते. भूगर्भशास्त्राचा त्यांचा अभ्यास होता आणि तिथल्या शाळांचे ते निरीक्षक होते. त्यांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथल्या अल्बर्ट गुंथर यांना हा मासा नवाच वाटला आणि १८६६ मध्ये त्यांनी गप्पींच्या नावावरून त्याचं बारसं केलं. पण त्याआधीच, १८५९ मध्ये, विल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातल्या काराकासकडच्या माशांवरून त्याचं वर्णन छापलं होतं. नियमाप्रमाणे आधीचं नाव ग्राह्य धरलं गेलं, गुंथरचं मागे पडलं. लोकांच्या तोंडी मात्र गप्पीच राहिला. मराठीत तर तो असा मुरला की ‘गप्पी मासे पाळा, डास टाळा’ हे भिंतीवर वाचताना परक्या माणसाचं आडनाव वाचतोय असं कुणाला वाटत नाही.

तो मूळचा कुठला?

दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातला. व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, आणि समोरची त्रिनिदाद, बार्बाडोससारखी बेटं. डोंगरातले झरे, गावाजवळचे गढूळ चर, खाडीजवळचं मचूळ पाणी, सगळीकडे तो राहतो. बार्बाडोसमध्ये त्याला ‘मिलियन्स’ म्हणत, म्हणजे लाखांनी असणारा. आमच्या हौदात ऑगस्टमध्ये डोकावलं की ते नाव पटतं.

मग भारतात कसा आला?

डास खातो म्हणून माणसाने आणला. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि हिवतापाशी लढायचं तर डासांशी लढायला हवं, हे ठरून गेलं. पुढच्या काही वर्षांत अळ्या खाणाऱ्या माशांना जगभर मागणी आली. गप्पी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे पोचला, त्याचा भाऊबंद गँबुसिया १९२८ मध्ये इटलीहून आला. पुढे हिवताप योजनेतून, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पैदास हौदांतून गप्पी गावोगाव गेला. पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचं पाणी नळांनी शहरात आणून पेठांमध्ये हौद बांधले तेव्हा या शहरात गप्पी नव्हता. आज एखाद्या वाड्याची जुनी विहीर उघडली तर बहुधा तोच वर येतो.

अंडी घालत नाही, पिल्लं देतो, म्हणजे नक्की काय होतं?

मासा अंडी पाण्यात सोडतो आणि नर बाहेरूनच ती फळवतो, हे आपण शाळेत शिकलो. गप्पीत फलन मादीच्या पोटात होतं. त्यासाठी नराच्या पोटाखालचा, शेपटीकडचा एक पर बदलतो. लहानपणी तो सगळ्या पिल्लांमध्ये पंख्यासारखा असतो. नर वयात येऊ लागला की त्याचे तिसरा, चौथा आणि पाचवा हे काटे लांब होऊन त्यांची बारीक दांडी बनते. तिला गोनोपोडियम म्हणतात. रंग यायच्या आधीच नर-मादी वेगळे करायचे असतील तर हा पर बघा, चूक होणार नाही.

फळलेली अंडी मादीच्या पोटातच वाढतात. पोसतात मुख्यतः अंड्यातल्या पिवळ्या बलकावर, आईकडून थेट अन्न फारसं मिळत नाही. म्हणून माणसाच्या गर्भाशी याची तुलना करू नये. त्या बाबतीत आपल्या कोकण किनाऱ्यावरची छोटी मुशी पुढे आहे, तिची पिल्लं खरोखर नाळेने आईशी जोडलेली असतात. गप्पीची आई देते ती सुरक्षित जागा. साधारण चार आठवड्यांनी, पाणी गार असेल तर जरा उशिराने, पिल्लं एकेक करून बाहेर येतात. बाहेर पडताना अंगाची घडी असते. क्षणभर ते खाली बुडतं, मग ताठ होतं आणि पोहू लागतं. पहिल्या तासात ते खाऊ शकतं आणि लपूही शकतं. बावीस वर्षांत मी हे किती वेळा पाहिलं याचा हिशोब नाही, पण आजही हातातलं काम टाकून पाहतो.

एका वेळी पाच-सहा पिल्लं होतील, किंवा पन्नासच्या वरही जातील. मादी मोठी, तेवढी पिल्लं जास्त.

दुकानातून एकटी मादी आणली. घरी नर नाही. तरी तीन महिन्यांत दोनदा पिल्लं झाली. हे कसं?

मादी नराचं बीज अंगात साठवून ठेवते आणि ते कित्येक महिने टिकतं, आठ महिन्यांपर्यंत टिकल्याच्या नोंदी आहेत. दुकानातल्या टाकीत नर-मादी एकत्रच असतात, त्यामुळे मोठी मादी घरी येते ती बहुतेक वेळा गाभणच. नर मरून गेल्यावरही त्याची पिल्लं जन्मत राहतात. एकट्या मादीपासून नवी वसाहत उभी राहू शकते ती यामुळेच. खाली नदीबद्दल लिहिलं आहे तिथे ही गोष्ट लक्षात ठेवा.

मादी गाभण आहे हे कसं ओळखायचं?

शेपटीच्या अलीकडे पोटावर एक काळसर डाग दिसतो. दिवस भरत आले की तो गडद आणि मोठा होतो, पोट चौकोनी दिसू लागतं. फिकट रंगाच्या मादीत अगदी शेवटी पिल्लांचे डोळेही दिसतात.

आई स्वतःची पिल्लं खाते, हे खरं आहे?

खरं आहे. गप्पीमध्ये पिल्लं सांभाळणं हा प्रकारच नाही. तोंडात मावेल असं हलणारं काही दिसलं की ती खाते. पाण्यात भरपूर वनस्पती ठेवा, पिल्लं त्यांत शिरून वाचतात. मादीला लहानशा प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात कोंडायची पद्धत मला पटत नाही. ती घाबरते आणि कधी पिल्लं वेळेआधी टाकते.

नरच एवढा रंगीत का?

या एका प्रश्नावर शास्त्रज्ञांनी आयुष्यं घालवली आहेत, तेव्हा उत्तर थोडं लांबेल.

त्रिनिदादच्या उत्तरेच्या डोंगरांतून छोट्या नद्या उतरतात. वाटेत धबधबे आहेत. धबधब्याखाली पाइक सिक्लिडसारखे मोठे शिकारी मासे असतात, त्यांना धबधबा चढता येत नाही. वरच्या डोहांत गप्पींच्या सोबतीला राहतो रिव्ह्यूलस, आणि तो लहानसा मासा फार तर पिल्लं खातो. खालचे नर फिके, बारीक ठिपक्यांचे; वरचे झगझगीत. नदी तीच आणि जातही तीच, मध्ये फक्त पाण्याचा एक कडा.

मादीला रंगीत नर आवडतो, विशेषतः केशरी ठिपक्यांचा. तो केशरी रंग अन्नातून मिळणाऱ्या द्रव्यावर अवलंबून असतो, त्यामुळे ज्याला नीट खायला मिळतं तोच उठून दिसतो. पण जो मादीच्या नजरेत भरतो तो शिकाऱ्याच्याही नजरेत भरतो. नराचा रंग या दोन नजरांच्या मध्ये कुठेतरी ठरतो.

हे नुसतं म्हणून भागत नाही, करून पाहावं लागतं. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अरिपो नदीतल्या शिकाऱ्यांच्या पट्ट्यातून २०० गप्पी उचलले आणि जिथे गप्पी नव्हते, मोठे शिकारीही नव्हते अशा वरच्या ओहोळात सोडले. दोन वर्षांच्या आत, सुमारे १५ पिढ्यांत, नर जास्त रंगीत झाले. पुढे डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी त्याच ओहोळातले मासे तपासले. ११ वर्षांत ते उशिरा वयात येऊ लागले होते, पिल्लं कमी पण मोठी देऊ लागले होते. शिकारी असतील तर लवकर पिल्लं देऊन टाकण्यात फायदा, कारण उद्याची खात्री नाही. शिकारी नसतील तर सवडीने, मोठी पिल्लं. उत्क्रांती लाखो वर्षांत होते असं आपण ऐकत आलो. इथे एका माणसाच्या नोकरीच्या काळात ती मोजून दाखवता आली. हौदातल्या त्या चिमुकल्या माशाकडे मी आदराने बघतो ते यासाठी.

दुकानातले पंख्यासारख्या शेपटीचे महागडे गप्पी आणि महापालिकेचे साधे गप्पी, जात एकच?

एकच. निवडून निवडून पैदास केली की असे प्रकार होतात. नराचे काही रंग बापाकडून थेट मुलाकडेच जातात, मुलीकडे जात नाहीत. हे डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये याच माशात दाखवलं, आणि १९२२ मध्ये ओइविंड विंगे यांनी त्याचा संबंध वाय गुणसूत्राशी लावला. (हेच श्मिट बाम माशांचं प्रजननस्थान शोधत अटलांटिकभर फिरले होते.) मोठ्या शेपटीचे मासे हौदात टाकू नका. त्यांना चपळाईने पोहता येत नाही, खंड्या आणि बेडूक त्यांना आधी उचलतात.

एक गप्पी दिवसाला किती अळ्या खातो?

सरकारी माहितीपत्रकांत पूर्ण वाढलेल्या माशासाठी ८० ते १०० हा आकडा असतो. मोकळं पाणी, भुकेला मासा आणि भरपूर अळ्या असतील तर तो ठीक आहे. हौदात शेवाळ, पालापाचोळा, वरून टाकलेले पोळीचे तुकडे असतील तर गप्पी तेही खातो आणि अळ्या उरतात. ‘आमच्याकडे गप्पी आहेत तरी डास आहेत’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी आधी विचारतो, की माशांना खायला घालता का? बहुतेक जण घालत असतात.

म्हणजे गप्पी सोडले की डेंग्यूची काळजी मिटली?

नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मोठ्या हौदावर अवलंबून नसतो. त्याला फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीतलं टायर, नारळाची करवंटी पुरते. तिथे मासा कसा सोडणार? अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. भांडी नुसती उपडी करू नका, घासा. एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. गप्पी उपयोगी पडतो तो वापरात नसलेली विहीर, बांधकामावरचा पाण्याचा हौद, कारंजं, बागेतलं टाकं अशा ठिकाणी.

सोसायटीच्या पिण्याच्या टाकीत सोडू का?

सोडू नका. त्या टाकीला घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी लावा. डास आतच गेला नाही तर माशाची गरज नाही, आणि क्लोरीनच्या पाण्यात मासाही सुखी नसतो.

गप्पी आणि गँबुसिया एकच ना?

कुटुंब एक, मासा वेगळा. गँबुसिया उत्तर अमेरिकेचा, नर-मादी दोघंही करडे, अंगात आक्रमकपणा जास्त. दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो. जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या आक्रमक प्रजातींची आंतरराष्ट्रीय यादी आहे, तीत तो आहे. कुणी ‘डासमासा’ म्हणून बिनरंगाचे मासे देऊ केले तर घेऊ नका.

ओढ्यात किंवा नदीत चार गप्पी सोडले तर काय बिघडतं? डासच कमी होतील की.

सातवीत असताना मी आणि माझ्या मित्राने बरणीभर गप्पी आंबिल ओढ्यात सोडले होते. आपण पुण्याचं काम करतोय अशी आमची समजूत होती. त्या कृत्याची मला आज खंत वाटते, म्हणून हे उत्तर मी सर्वांत काळजीपूर्वक लिहितोय.

पुण्याच्या नद्या माशांच्या बाबतीत साध्यासुध्या नाहीत. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३०च्या दशकात दख्खनच्या माशांची वर्णनं लिहिली, तेव्हा कित्येक माशांना त्यांनी इथल्याच लोकांच्या तोंडची नावं दिली. दख्खनी महसीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. जगाला त्याची पहिली ओळख झाली ती पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतून. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली. नंतरच्या अभ्यासकांनी याच नद्या पुन्हा धुंडाळल्या, तेव्हा जुन्या यादीतले बरेच मासे सापडेनात, आणि चिलापी, गँबुसिया, गप्पी असे परके पाहुणे यादीत आले.

मासे गेले त्याचा मोठा दोष सांडपाण्याचा आणि अडवलेल्या प्रवाहाचा आहे, गप्पीचा एकट्याचा नाही. पण घाण पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की आपले मासे गुदमरतात आणि गप्पी वर येऊन पृष्ठभागालगतच्या पातळ थरातल्या पाण्यावर तग धरतो. नाल्यात तो मजेत राहतो. तिथून पावसाळ्यात नदीत, नदीतून स्वच्छ ओहोळात पोचतो, आणि तिथे लहान देशी माशांची अंडी, पिल्लं आणि अन्न खातो. बेडकांची बारीक, शेपटीची पिल्लंही त्यातून सुटत नाहीत. एका गाभण मादीपासून वसाहत उभी राहते हे वर सांगितलंच. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने २०१८ मध्ये गप्पी आणि गँबुसिया या दोघांना भारतातल्या परक्या आक्रमक प्रजातींच्या यादीत घातलं ते यामुळे.

आणि डासांचं म्हणाल तर वाहत्या, जिवंत ओढ्यात अळ्या खाणारे पुष्कळ असतात. डानिओ, रासबोरा असे आपले छोटे मासे, चतुराची पिल्लं, पाणकिडे. ते टिकले तर बाहेरून मासा आणावा लागत नाही.

पण नदीत गप्पी आधीच आहेत. अजून चार गेल्याने काय फरक पडणार?

खालच्या मुठेत कदाचित नाही पडणार. पण लोक नेमके सहलीला जातात तिथे, सिंहगडाच्या किंवा मुळशीच्या बाजूच्या एखाद्या निवळशंख डोहात मासे सोडतात. तिथे अजून गप्पी पोचलेला नसेल तर पडतो. शिवाय दुकानातल्या माशासोबत त्याच्या अंगावरचे परजीवीही जातात.

मासे फार झाले. करू काय?

नर आणि मादी वेगळ्या टाकीत ठेवा. पिल्लं थांबायला साठवलेल्या बीजामुळे काही महिने जातील, धीर धरा. हौदातल्या वनस्पती थोड्या विरळ करा, मोठे मासे पिल्लांची संख्या आपोआप आवरतात. उरलेले शेजारी, शाळा किंवा मासे विकणारे दुकानदार घेतात. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या कीटक विभागातही विचारून पाहा. संडासात ओतू नका, आणि गणपती विसर्जनाला नदीवर जाताना सोबत नेऊ नका. हे दुसरं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

नळाचं पाणी चालतं की बोअरचं?

गप्पीला जरा कठीण पाणी मानवतं. खडकवासल्याचं नळाचं पाणी तुलनेने मऊ, बोअरचं कठीण. दोन्ही चालतात, मात्र एकातून दुसऱ्यात एकदम टाकू नका. नळाचं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, नाहीतर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन वापरा. सगळं पाणी एका दमात बदलणं हे नवशिक्यांचे मासे मरण्याचं मी पाहिलेलं सर्वांत मोठं कारण. आठवड्याला चौथा हिस्सा पुरे.

डिसेंबरात पटापट मरतात. का?

थंडीमुळे. त्याला २४ ते २७ अंश पाणी आवडतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. खोल हौदात पाणी हळूहळू गार होतं आणि मासे तळाशी जाऊन तगतात, पण खिडकीतल्या काचेच्या भांड्यात तसं होत नाही. घरातल्या टाकीला चाळीस-पन्नास लिटरसाठी ५० वॅटचा हीटर लावा आणि थंडीत खाणं निम्मं करा.

किती जगतो?

दोन वर्षं, चांगली देखभाल असेल तर तीन. पाणी जितकं गरम, तितकं आयुष्य आखूड.

ओढ्यात दिसलेला छोटा मासा गप्पी आहे की आपला, कसं ओळखू?

काठावर बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच मिनिटं थांबा. रंगीत ठिपक्यांचा बारीक नर एखाद्या मोठ्या, फिक्या मादीच्या मागे मागे, अंग इंग्रजी ‘एस’सारखं वाकवून थरथरत असेल तर तो गप्पी. पृष्ठभागालगत काडीसारखा स्थिर तरंगणारा, चपट्या डोक्यावर एकच चमकता ठिपका असलेला मासा दिसला तर तो अ‍ॅप्लोकायलस, आपल्या पश्चिम घाटाच्या बाजूचा. वरून पाहिलं तर अंग दिसत नाही, नुसता तो ठिपका पाण्यावर चमकतो. तोही अळ्या खातो, पण अंडी घालतो, पाणवनस्पतींना चिकटवून. असा डोह सापडला तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा, आणि बरणी पिशवीतच राहू द्या.